जजबाईंचा जोगवा

“पाच घरं मागायची. ‘आई राजा उदो उदो’ सोडून तोंडातून दुसरा शब्द काढायचा न्हाय. बोललीस की मोडला जोगवा. तिथं तू जजबाई न्हायस, मागणारी हायस.” परडी हातात देताना आईनं, अयोध्याबाईंनी, सकाळी असं बजावलं होतं.

वर्षाराणी ते मनात घोकत तुळजापुरातल्या दुसऱ्या घरापुढं उभी होती. पायात चप्पल नाही, कपाळावर मळवट. आणि त्या घरची सून जोगवा घालायचं सोडून तिच्यापुढं नाचत होती.

पोरगी नाचात नाव काढू दे, तिच्या हातून पाच घरी जोगवा मागवीन, असा अयोध्याबाईंचा नवस होता. पोरीनं नाव काढलं. नट्यांना नाचवलं, टीव्हीवर परीक्षकाच्या खुर्चीत बसली. फक्त जोगव्याला सवड काढली नाही. नवस फिटेपर्यंत आईनं गूळ सोडला, त्याला अकरा वर्षं झाली. आज मात्र गुळाचा खडा वाटीत काढून म्हातारी चुलीपुढं बसली होती. जोगव्याच्या पिठाचा नैवेद्य झाला की तो तोंडात घालायचा.

सूनबाई थांबल्या. धापा टाकत म्हणाल्या, “सांगा की! रविवारी टीव्हीत त्या पोरीला म्हणलात, पाय आणलेस अन् नाच घरी ठेवलास. आमाला बी म्हणा कायतरी.”

“आई राजा उदो उदो,” वर्षाराणी हळूच म्हणाली.

सूनबाईंचं तोंड उतरलं. मूठभर पीठ परडीत पडलं, तेही जरा जोरातच.

तिसऱ्या घरी आण्णासाहेब होते, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. धोतर खोचून ते अंगणभर नाचले आणि दमले तेव्हा स्वतःच शिट्टी मारून थांबले. वर्षाराणीला हसू आवरेना. ते लपवायला तिनं “उदो उदो” जरा मोठ्यानं म्हटलं.

“ऐकलं का?” आण्णासाहेब गल्लीत वळून ओरडले. “दणक्यात उदो म्हणल्या. म्हंजी दहापैकी दहा!”

“मग मला बारीक का म्हणल्या?” मागून सूनबाईंचा आवाज आला.

झालं. चौथ्या घरी जाईस्तोवर सगळ्या गल्लीला मार्कांची रीत कळली होती. तिथल्या दोघी जावा कान टवकारून नाचल्या. वर्षाराणीनं दोघींना अगदी तोलून, सारख्या आवाजात उदो म्हटलं. तरी धाकटी म्हणाली, “थोरलीच्या उदोला शेपूट लांब व्हतं.”

पाचवं घर उताराला, गल्लीच्या तळाशी. म्हातारी कोंडाबाई पिठाची मूठ घेऊन दारातच उभी होती. पण तिची दहा वर्षांची नात तुळजा आधीच अंगणात आली होती. परकर, विस्कटलेली वेणी, डोळे मोठे. ती नाचायला लागली आणि वर्षाराणी परडी विसरली. पोरीच्या अंगात ताल होता, कुणी न शिकवलेला. फक्त गिरकी आली की ती उजवा पाय टाकायची आणि अडकायची. एकदा अडकली. दोनदा. तिसऱ्यांदा तर ओठ चावून, रडू गिळून पुन्हा उभी राहिली.

“डावा!”

तुळजानं डावा पाय टाकला. गिरकी सुटली, परकर घेरदार फुलला.

पीठ घालायला पुढं आलेल्या कोंडाबाईची मूठ परडीवर तशीच राहिली.

“आमी काय ऐकलं न्हाय,” कोंडाबाई म्हणाली.

“टीव्हीतली बाई बोलली ती,” तिची सून घाईनं म्हणाली.

“आई, टीव्ही बंद हाय,” तुळजा म्हणाली.

“मग लाव की जाऊन!”

कोपऱ्यावर गाडी लावून उभा असलेला ड्रायव्हर योगीराजही पुढं आला. “ताई, म्या बी ऐकलं न्हाय. पाचला निघालो तरच उद्याचं शूटिंग गावतंय.”

वर्षाराणी त्या मुठीकडं बघत राहिली. बोटं नुसती सैल व्हायची होती. आई आज रात्री गूळ खाईल, तिला कुणी काही सांगणार नाही.

“मूठ मागं घ्या, मावशी,” ती म्हणाली. “बोलले मी.”

मग परडी ओट्यावर ठेवून तिनं पदर खोचला. “मोडलाच हाय तर ये इकडं, तुळजा. टाच आधी टेकव. पायाकडं बघू नको, ते कुठं जात न्हाईत.” चार घरं दाबून ठेवलेलं सगळं बोलणं तिनं त्या एका पोरीवर ओतलं. पाव तासात तुळजा सलग सात गिरक्या घेऊन हसत भिंतीला टेकली.

“आता?” वर्षाराणीनं कोंडाबाईला विचारलं.

“आता काय? हे नुसतं पीठ झालं. गाईला घाला अन् पयल्या घरापासनं धरा.”

पीठ गाईपुढं गेलं. वर्षाराणीनं परडी झटकली. “योगीराज, शूटिंगवाल्यांना फोन कर, उद्या येत न्हाय म्हणावं. अन् आईला सांग, चूल विझवू नको. उशीर हुईल.”

“ते लई चिडतील, ताई.”

जोगवा पुन्हा सुरू झाला होता. ओठ मिटले होते. ती गल्लीचा चढ चढू लागली. दुपारची कामं उरकून घराघरात टीव्ही लागले होते, आणि एका खिडकीतून तिचाच आवाज कुणाला तरी खडसावून सांगत होता, नाच कशाला म्हणतात ते. त्या खिडकीखालून ती मान खाली घालून, चूप, पुढं गेली.