बिनबिघाडाची पाच वर्षं

मल्लिनाथनं कॅबिनेटचं झाकण काढलं आणि धुळीचा लोट थेट नरसिंगरावांच्या नाकात गेला.

"काका, हा कॉम्प्युटर हाय का पिठाची गिरणी?"

नरसिंगराव हसले नाहीत. औशाच्या बसस्टँडसमोरच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात ते स्टुलाच्या टोकाशी अवघडून बसले होते. दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघावी, तसे.

बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. निवृत्त माणसाला कॉम्प्युटर लागतो तरी कशाला? सकाळी त्यावर पेपर वाचायचा, दुपारी पत्ते खेळायचे. पण तो मध्येच अडकायचा आणि नरसिंगराव बंगळुरूला लेकीला फोन लावायचे. "बाबा, माउसला हात लावू नका हं," म्हणत लुंबिनी तिथूनच ह्या कॉम्प्युटरात शिरायची. पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागायचा. काम होईस्तोवर फोन चालूच. जेवलात का, गुडघा कसाय, भाजीत तेल कमी टाका. तास कसा जायचा कळायचं नाही. कॉम्प्युटर सुरू झाला, की फोन बंद.

एरवी तिला बिचारीला वेळ कुठला? एकदा त्यांनी सहजच फोन लावला होता. "काय बिघडलं?" तिनं घाबरून विचारलं. काहीच बिघडलं नव्हतं. नरसिंगरावांनाच ओशाळल्यासारखं झालं.

शेवटी ह्या सततच्या कटकटीला लुंबिनीच कंटाळली. "दुकानात घेऊन जा बाबा. सरळ नवा जोडून घ्या."

ही कटकट ऐकून मल्लिनाथचंही तेच मत पडलं. "जुन्यात नवी डिस्क, रॅम टाकता येते. पण बोर्डच थकलाय. त्यापरीस स्वस्तातला नवा जोडून देतो. पाच वर्षं ताईला फोन करायचं कामच न्हाई!"

नरसिंगरावांनी जुन्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. पाच वर्षं!

"आन् ह्योच दुरुस्त केला तर?" त्यांनी हळूच विचारलं.

मल्लिनाथ सरळ माणूस. गिऱ्हाइकाला थापा मारणं त्याला जमायचं नाही.

"खोटं कशाला बोलू, काका? महिनाभर बरा चालंल. मग हायच, आठ-पंधरा दिसाला अडकून बसंल."

नरसिंगरावांचा चेहरा एकदम खुलला. ते स्टुलावर मागे सरकून ऐसपैस बसले.

"मग ह्योच करा," ते म्हणाले. "पर पार महिनाभर चालंल, इतका चांगला नका करू."