नववा वाटा

१९५३ साल. शिमगा होऊन गेला होता आणि काशीदच्या अलीकडच्या कोळीवाड्यातल्या शाळेत सहावीला अपूर्णांक चालू होते.

दत्तात्रेय गुरुजींनी फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले. एक नवमांश, एक अष्टमांश.

"यातला मोठा कोणता?"

"नवमांश!" वर्ग ओरडला. आठापेक्षा नऊ मोठे, हे सगळ्यांनाच येत होतं.

ठमी तेवढी गप्प होती. गुरुजींनी तिला उभं केलं.

"अष्टमांश मोठा, गुरुजी."

"कशावरून?"

"वाटे कमी झाले की एकेक वाटा मोठा होतो."

गुरुजी खूश झाले. 'छेद लहान, तर अपूर्णांक मोठा' असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांकडून पाटीवर उतरवून घेतलं.

ठमीला हे शिकवायला नको होतं. भिकू तांडेलाच्या होडीची मासळी तीच वाटायची. आधी ते काम तिच्या बापाचं, सदाचं होतं, कारण त्याच्या हातानं सगळे वाटे समसमान पडायचे. दिवाळीनंतरच्या वादळात सदा होडीवरून पाण्यात गेला. तो सापडला नाही. तेव्हापासून वाटे घालायला ठमी बसू लागली.

होडीचे दोन वाटे, जाळ्याचा एक, माणसांचे सहा. सगळे मिळून नऊ. सदा गेला तरी नऊच. त्या वाड्यात पाण्यात गेलेल्या माणसाचा वाटा शिमग्यापर्यंत घालत. वाटा पडतो आहे तोवर तो माणूस आहे, असं धरत. वाटा बंद झाला की त्याच संध्याकाळी बायका त्याच्या दारात येत आणि त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडत.

दुपारी होडी लागली. बोंबलांचा ढीग वाळूवर पडला. ठमी गुडघ्यांवर बसली आणि तळव्यानं वाळू दाबून तिनं जागा सारख्या केल्या. मग प्रत्येक जागेवर एकेक ओंजळ टाकत ती पुढे सरकू लागली.

"काय गो मास्तरीण," चंदर म्हणाला. होडीवरचा तो सगळ्यांत तरुण खलाशी, गेल्याच महिन्यात लग्न झालेला. "माझ्याच वाट्याला बारीक बारीक कसं येतान?"

"तुझी नवरी पन बारीकच हाय. पुरतील तिला."

माणसं हसली. भिकू तांडेल हसला नाही. तो वाळूतल्या जागा बघत होता.

"ठमे," तो म्हणाला, "आठ."

ठमीनं नवव्या जागेवर ओंजळ टाकली.

"पोरी, शिमगा झाला."

"ठावं हाय, काका."

"मंग?"

"आजच्या दिस घालते. उद्यापासून आठ."

"उद्या पन तू हेच बोलशील गो."

ती पुन्हा पहिल्या जागेपासून ओंजळी टाकू लागली. कोणी तिला अडवलं नाही. चंदर समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. ढीग संपला तेव्हा वाळूवर नऊ वाटे होते, एकमेकांसारखे, सदाच्या हाताचे वाटावेत असे.

ठमीची आई, केसर, कमरेवर मासळीची पाटी घेऊन माडाखाली उभी होती. ती खाली आली. पाटी तिनं वाळूवर पालथी ठेवली.

"उचल गो," ती म्हणाली. "तांडेलाला परत परत बोलायला लावू नको. त्याच्यानं बोलवत न्हाय."

"आये, बायका येतील."

"येऊ दे."

ठमीनं नववा वाटा उचलला. एक ओंजळ होडीला, एक जाळ्याला, एक तांडेलाला, अशी ती ओळीनं टाकत गेली. आठही वाटे वाढले. डोळ्यांना दिसतील इतके वाढले. चंदरनं आपला वाटा पाटीत भरला, पण मान वर केली नाही.

शेवटी दोन बोंबील उरले.

"उरलंसुरलं वाटणाऱ्याचं," भिकू नेहमीसारखं म्हणाला.

ठमी त्यांना हात लावीना. केसरनं ते उचलले, तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. संध्याकाळी बायका दारात आल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तेच गणित पुन्हा घातलं. सगळ्या वर्गानं अष्टमांश मोठा म्हणून लिहिलं. ठमीच्या पाटीवर नवमांश होता.

"अगं, काल तूच तर बरोबर सांगितलंस!"

"काल मला नीट ठावं नव्हतं, गुरुजी."

गुरुजींनी तिच्या पाटीवर फुली मारली आणि ते पुढच्या मुलाकडे वळले.

पुढच्या वर्षी गुरुजींची पेणकडे बदली झाली. ठमीचं उत्तर एका रात्रीत का बदललं, ते त्यांना कधी कळलं नाही. भिकू तांडेल म्हातारा होऊन आपल्या घरात, खाटेवर गेला. त्या वाड्यात हे भाग्यच म्हणायचं. चंदरनं होडी सोडली, बायकोला घेऊन रेवसहून मुंबईला गेला आणि गोदीत लागला. त्याच्या जागी दुसरा आला. केसर भुंड्या हातांनी मुरूडच्या बाजारात सुके बोंबील विकत राहिली. गिऱ्हाइकाला ती नेहमी मूठभर जास्त घालायची.

ठमीची शाळा सातवीत सुटली. लग्न होऊन दिवेआगरकडे जाईपर्यंत होडीचे वाटे तीच घालत होती. वाटे आठच पडत. पण वाळूत बसली की ती आधी तळव्यानं नऊ जागा दाबून सारख्या करायची, आणि मग त्यातल्या आठ भरायची.