वरच्या मजल्यावरची पांढरी गाडी

“हे बघ, हॉस्पिटलच्या गेटच्या आत मी तिचा बाप नाही,” उस्तादांनी जोडीदार ड्रायव्हरला बजावलं. “मी ट्रेलरवाला. गाडी उतरवायची, किल्ली द्यायची, निघायचं. तोंड उघडायचं नाही.”

जोडीदाराने कपाळावर हात मारला. अख्ख्या प्रवासात ज्याचं तोंड मिटलं नव्हतं, तो माणूस हे सांगत होता! एका राज्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, दुमजली ट्रेलरवरच्या मोटारी ठिकठिकाणी उतरवत ते आले होते आणि असा एक टोलनाका गेला नव्हता जिथे उस्तादांनी काच खाली करून वर बोट दाखवलं नाही. “ती पांढरी दिसते ना, वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढे? माझ्या लेकीची. सर्जन आहे, सर्जन!” मागचे हॉर्न वाजवून थकायचे, पण यांचं लेकपुराण संपायचं नाही. पंक्चरवाला, वजनकाट्यावरचा माणूस, अडवायला आलेला हवालदार, कुणी म्हणून सुटलं नव्हतं.

“पण उस्ताद, ही गाडी इथल्या शोरूममध्येही मिळते की. डॉक्टरीणबाईंनी एवढ्या लांबून, तेही आपल्याच ट्रेलरवरून का मागवली?”

“तिचं डोकं, तिलाच ठाऊक. लहानपणापासून हट्टी आहे,” उस्ताद म्हणाले. हट्टाचंही त्यांना कौतुकच होतं.

हॉस्पिटलची पाटी दिसली आणि सगळा रुबाब उतरला. आवार चकचकीत. पांढरे कोट घातलेली मुलंमुली ये-जा करत होती. उस्तादांनी आरशात पाहिलं. शर्टावर ग्रीस, गालांवर दाढीचे खुंट, डोळे तारवटलेले. ही मुलं लेकीच्या हाताखाली शिकत होती. उद्या तिच्या पाठीमागे कुणी हसलं तर? आपल्यापायी तिला खाली बघावं लागलं, तर ते त्यांना सोसलं नसतं.

“गाडी तूच उतरव,” ते म्हणाले आणि डोक्याला मफलर गुंडाळून सीटमध्ये खाली सरकले.

जोडीदार हबकला. पुढची गाडी उतरवायची म्हणजे वरच्या मजल्याची सगळी लांबी रिव्हर्समध्ये यायचं, आणि मग दोन अरुंद फळ्यांवरून उतार. चाक चार बोटं इकडेतिकडे झालं की खेळ खलास. “मला नाही जमायचं, उस्ताद. ते तुमचंच काम.”

तेवढ्यात केबिनच्या दारावर थाप पडली. खाली लेक उभी होती. तिच्या मागे दहा-बारा पांढरे कोट.

“मॅडम,” उस्ताद तिच्याकडे न बघता म्हणाले, “आली बरं का तुमची गाडी. लगेच देतो उतरवून.”

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. रागावली की रडकुंडीला आली, कळेना. मग तिने हाताला धरून त्यांना खाली उतरवलं, डोक्यावरचा मफलर काढला आणि मुलांकडे वळली.

“ऑपरेशन करताना माझा हात थरथरत कसा नाही, असं रोज विचारता ना मला?” ती म्हणाली. “हे माझे बाबा. आता ती वरची गाडी खाली आणतील. जवळ या, आणि यांचे हात बघा.”