होडीची तहान

१९७४ साल. जर्मनीहून ब्राच बेटावर परतलेला माझा नवरा येर्को वडिलांची जुनी लाकडी होडी अंगणात दुरुस्त करत होता. तिची मोटर पाण्याच्या पिंपात बुडवून त्याने सुरूही करून दाखवली. सासूबाई मात्र रोज होडीत बादल्या ओतायच्या.

"आई, चळ लागला का तुला?"

"तहान लागलीय रे तिला."

त्याने त्यांना माडीवर कोंडलं.

होडी सोडायच्या दिवशी पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं, गावाने टाळ्या वाजवल्या आणि फटीफटीतून समुद्र आत आला. होडी मोटरसकट बुडाली.

"सुकलेल्या फळ्या पाद्रीबाबांच्या चार थेंबांनी फुगतात होय रे?" सासूबाई माडीच्या खिडकीतून ओरडल्या.

त्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. मी म्हातारी झाले.

येर्को अजून दर वसंतात समुद्रातून वर काढलेल्या त्याच होडीत बादल्या ओततो, त्या खिडकीकडे पाठ करून.