अडकित्त्याचा फोटो

"अक्का, तुम्ही मुळीच हलू नका," असं म्हणत मुलगी पाहायला आलेला मुलगा विठाक्कांसमोर फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्यांच्या अडकित्त्याचा फोटो काढू लागला. मुलगी कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिच्याकडे अजून त्याची मान वळली नव्हती.

अद्वैत त्याचं नाव. पुण्याचा, इथे बेंगळुरात कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. शर्ट इतका चुरगळलेला की गल्लीतल्या इस्त्रीवाल्या अण्णाला रडू आलं असतं. गळ्यात नंदीबैलवाल्याच्या ढोलक्यासारखा लोंबणारा जुना, जड कॅमेरा. आत फिल्मचा रोल घालून चालवायचा. जगानं टाकून दिला तो यानं हौसेनं उचलला, आणि वर त्याचाच तोरा.

चिकपेटात कापडाच्या दुकानावरच्या त्या माडीत पाहण्यासारखं जे जे होतं, ते त्यानं पाहून घेतलं. लाकडी जिन्याचा फोटो झाला. पितळी हंड्याचा झाला. भिंतीचे पोपडे लपवायला विठाक्कांनी सकाळीच त्यांच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. यानं ते स्वतःच्या हातानं उतरवून ठेवलं आणि पोपड्यांना डोळा लावला.

"काय टेक्स्चर आहे!"

"ओल आहे ती," विठाक्का म्हणाल्या.

एवढ्यावर त्या थांबल्या, हेच नवल. त्यांच्या दारावरून जाताना गठ्ठे वाहणारे हमालसुद्धा आवाज खाली घेत. पण आज त्यांनी जीभ दाताखाली धरली होती, ती रंजितासाठी. आईबापामागे त्यांनीच वाढवलेली नात. तिशी ओलांडलेली, सावळी. यशवंतपूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासायची. वाकडा नग तिच्या हातून पुढे जात नसे. तिचा स्वतःचा फोटो मात्र कुठल्याकुठल्या घरांतल्या मोबाइलवर जाई, कुणाच्या तरी बोटाखाली सरके आणि पुसला जाई. हा जिना चढून वर आलेलं हे पहिलंच स्थळ. ते हातचं घालवायचं नाही, असं विठाक्कांनी ठरवलं होतं आणि नातीला दमही भरला होता, "मान खाली ठेव. विचारतील तेवढंच बोल."

आता कुणी विचारलंच नाही, तर पोरगी बोलणार काय?

बोलत होता तो. "मोबाइलवर लोक ढिगानं फोटो काढतात, अक्का. नाही आवडला, डिलीट. रोलचं तसं नाही. एकदा घेतला की घेतला. म्हणून ज्याची खरंच किंमत वाटते, त्याच्यावरच तो खर्च करायचा."

सुपारी कातरायच्या लोखंडाची किंमत वाटली म्हणायची. विठाक्कांनी तोंडात सुपारी टाकली, म्हणजे तोंड कामाला लागेल.

शेवटी त्याच्या आईलाच लाज वाटली. आसावरीबाई म्हणाल्या, "अरे, रंजिताचाही घे ना एक. मावशीला दाखवू."

अद्वैतनं कॅमेऱ्यावरचा आकडा पाहिला. "एकच उरलाय, आई."

मग त्यानं रंजिताकडे पाहिलं. खाली दुकानात गिऱ्हाईक लुगड्याचा काठ बघतं तसं, मान तिरकी करून. "इथे लाइट स्वल्प कमी आहे," तो हसून म्हणाला. एवढा एक कानडी शब्द शिकला होता, तो खर्चून टाकला. खिशातून मोबाइल काढला, एका हातानं रंजिताचा फोटो घेतला आणि कसा आला ते न बघताच पुन्हा खिशात घातला. मग वळला, आणि तो उरलेला एक, त्याच दारात, त्याच उजेडात, खुंटीवरच्या विठाक्कांच्या मोडक्या छत्रीला दिला.

दाताखालची जीभ सुटली. "छत्रीला पुरला का रे उजेड?"

"अक्का, छत्री म्हणजे अप्रतिम! असं काही आता बघायला मिळत नाही."

याला टोमणा कळायचा म्हणजे त्याचाही आधी फोटो काढून द्यायला हवा होता. आसावरीबाईंना कळला. त्या आपल्या बांगड्या बघत बसल्या.

अद्वैतनं कॅमेरा मऊ फडक्यात गुंडाळला, झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसा पिशवीत ठेवला आणि म्हणाला, "मला घर फार आवडलं. माझ्याकडून होकार समजा."

ज्या शब्दासाठी विठाक्कांनी वर्षानुवर्षं देव पाण्यात ठेवले होते, तो शब्द असा, घराच्या नावानं, समोर येऊन पडला होता.

रंजितानं ट्रे खाली ठेवला. कॉफी केव्हाच गार झाली होती. ट्रेच्या कडेचे वळ तिच्या तळहातांवर उठले होते.

"जरा मोबाइल देता?" ती म्हणाली. घरात पाहुणे आल्यापासूनचे तिचे हे पहिले शब्द. "माझा फोटो बघायचाय."

त्यानं खुशीनं काढून दिला. तिनं कारखान्यात नग पारखावा तसा फोटो पारखला. मग आजीसमोर धरला. विठाक्कांनी चष्मा सारखा करून पाहिलं. जिना सगळा आला होता. हंडा सगळा आला होता. नात अर्धीच होती, एक कान आणि ट्रे.

विठाक्का उठल्या. उतरवून ठेवलेलं कॅलेंडर त्यांनी उचललं आणि पुन्हा खिळ्याला अडकवलं.

"सरी, ठीक आहे," त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या. "तुझ्या मनाला येईल ते कर, बाळा."

रंजितानं मोबाइलवर एकदा बोट ठेवलं, स्क्रीननं 'डिलीट?' विचारल्यावर पुन्हा एकदा ठेवलं, आणि तो अद्वैतच्या हातात परत दिला.

"रोलवर घेतला नाहीत ते बरं केलंत," ती म्हणाली. "पुसता आला नसता."