उसने गुडघे

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: पहाटेची खोली, पलंगाशेजारी गोणपाटाची घडी आणि तिच्यात गुडघ्यांनी पाडलेले दोन खळगे. फरश्या बसवणारे आजोबा कामावर निघण्याआधी रोज इथेच गुडघे टेकून प्रभू येशूशी बोलायचे. नात मात्र तेव्हा पांघरुणात तोंड लपवून झोपेचं सोंग घ्यायची. मग आजोबांच्या गुडघ्यांनीच संप पुकारला आणि डॉक्टरांनी ते टेकवायलाच मनाई केली. तेव्हापासून आजोबा खुर्चीत नुसतेच गप्प बसत. शेवटी नातीला राहवेना. "आजोबा, बसूनच करा ना प्रार्थना. देव काय रागावणार आहे?" "तो नाही गं रागावणार. पण त्याच्यासमोर साहेबासारखं खुर्चीत बसलं की माझी जीभच उचलत नाही." नात पांघरूण सारून उठली. खळगे तिला चांगलेच मोठे होत होते. त्यांत गुडघे टेकून तिने हात जोडले. "गुडघे माझे घ्या. तुम्ही नुसतं बोला."