बोस्कोबाबांची पसंती

"अस्सल रेव्ह पार्टी पडद्यावर आणणारा या मातीतला पहिला माणूस मीच!" दिग्दर्शक हेरंब दातारनं जाहीर केलं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, जागा द्राक्षांच्या बंद शीतगृहाची होती आणि हेरंब स्वतः जन्मात फक्त कोजागिरीला जागला होता.

सल्लागार म्हणून गोव्याचे बोस्कोबाब आले होते. जंगलात लपूनछपून अशा पार्ट्या रंगवत वीस वर्षं भिंतीएवढ्या स्पीकरांना चिकटून उभे राहिलेले. "ते 'खोटं' म्हणाले, तर सिनेमा बंद," निर्मातीबाईंनी बजावलं होतं.

शॉट सुरू झाला. संवाद नीट टिपता यावेत म्हणून संगीत बंद केलं आणि साठ पोरंपोरी मुकाट्यानं नाचू लागली. नुसती बुटांची खरखर. हेरंबनं चोरून बोस्कोबाबांकडे पाहिलं. बोस्कोबाब आता हसणार, आणि आपण पुन्हा मसाल्याच्या जाहिराती करणार!

पण बोस्कोबाबांनी डोळे मिटले होते. मान डुलत होती, बोटं ताल धरत होती.

"बाब, खरं वाटतंय?" हेरंबनं भीत भीत विचारलं.

"हुबेहूब रे!" ते कानांवर हात ठेवून ओरडले. "फक्त आवाज तेवढा जरा कमी करायला सांग."